शनिवारची रेष

"आईच्या मनातलं दुःख मोजण्यात मानवजातीला यश आलं असून यापुढे पृथ्वीच्या पाठीवर एकही आई आतल्या आत कुढणार नाही," असं मातृमन केंद्राच्या दर्शनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. त्याच्या खाली, हाताने रंगवलेल्या पण तितक्याच ठळक अक्षरांत, "चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास केंद्र जबाबदार नाही," असं होतं. कांचन शिगवण यांनी दोन्ही वाक्यं वाचली, त्यांतल्या दुसऱ्यावर विश्वास ठेवला आणि चपला पिशवीत घालून त्या आत गेल्या.

एकविसाव्या शतकाची साठी उलटली होती. कांचनताईंचं वय सदुसष्ट. त्यांच्या पिढीतल्या आज्यांची नावं स्नेहल, प्राजक्ता, कांचन अशी असत आणि नातींची गोदावरी, यमुना, भागीरथी. मधल्या पिढीच्या नावांबद्दल न बोललेलं बरं. कांचनताईंच्या जावयाचं नाव रेयांश होतं, आणि त्याला 'रेयांशराव' म्हणताना पहिली दोन वर्षं त्यांना हसू आवरत नसे.

आज त्यांच्या पिशवीत चपलांच्या शेजारी रेयांशरावांचा वेगळीक आदेश होता.

वेगळीक आदेश म्हणजे काय, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आपल्याला ते जरा समजावून घ्यायला हवं. बाळंतपणानंतर काही आया खचतात, त्यांची झोप उडते, जीव घाबरा होतो, हे जगाला पूर्वीपासून माहीत होतं. घरचे म्हणत, होईल आपोआप. बऱ्याच जणींचं व्हायचंही. काहींचं मात्र होत नसे. मूल शाळेत जाऊ लागलं, दहावीला बसलं, तरी आई सकाळी दूध तापवताना पातेल्याकडे बघत उभीच. या बायका कोणत्या आणि त्यांचंच का सरत नाही, हे शोधायला शास्त्रज्ञांनी लाखो आयांची वर्षानुवर्षं पाहणी केली आणि एक यादी काढली. पूर्वी कधीतरी येऊन गेलेलं नैराश्य. घरातल्या माणसाचा धाक. मदतीला कुणी नसणं. ओढाताण. स्वतःचं लहानपण. यादी उत्तम होती. अडचण एवढीच, की समोरच्या बाईला यातलं काय लागू आहे असं विचारलं की ती म्हणे, "काही नाही हो, मी मजेत आहे," आणि चहा टाकायला उठे.

केसांना चहा टाकता येत नाही. मन धास्तावलं की रक्तात एक रसायन वाढतं, आणि केस मुळाशी उगवत असताना ते त्याच्यात कायमचं अडकून बसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे एक वीतभर केस म्हणजे बाईची दीड-दोन वर्षांची दैनंदिनी, तीही तिने स्वतः न लिहिलेली. जुन्या यंत्रांना त्यातला महिना वाचता येई. पुढे असं यंत्र निघालं की त्याला वार वाचता येऊ लागला. केसाच्या लांबीवर धास्तीचे चढउतार दाखवणाऱ्या त्या आलेखाला चिंतारेष म्हणत. मग घरात कोण कधी होतं, ते फोनवरून, फाटकावरून, गिझरच्या मीटरवरून काढायचं आणि चिंतारेषेशेजारी ठेवायचं. जे माणूस घरात आलं की रेष चढते आणि गेलं की उतरते, ते माणूस म्हणजे 'कारक'. कारकाने तीन वर्षं दुसरीकडे राहायचं. हा वेगळीक आदेश.

कायदा दहा वर्षांखालच्या मुलांच्या आयांसाठी होता आणि सुरुवातीला फार लोकप्रिय झाला. सासवांनी निकालाआधीच बॅगा भरून ठेवल्या, काहींनी अपमान नको म्हणून आपण होऊन काशी गाठली. एका घरात कारक म्हणून पोपट निघाला. तो दिवंगत सासऱ्यांच्या आवाजात "झालं का गं?" असं विचारत असे. त्याला तीन वर्षांसाठी रत्नागिरीला पाठवलं.

कांचनताईंची मुलगी ओवी चौतिसाची. गोदा झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ती अशीच पातेल्याकडे बघत उभी राहत होती. पहाटे दचकून जागी व्हायची. गोदाच्या श्वासाशी कान लावून बसायची. म्हणून तर कांचनताई आपलं घर बंद करून लेकीकडे येऊन राहिल्या होत्या. रेयांशराव वर्षभरापूर्वी समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरीला लागले. सोमवारी सकाळी बोटीने जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. माणूस असा, की गोदाने बुटात वरण ओतलं तर आधी ते गरम नाही ना ते बघेल.

गुढीपाडव्याला केशताई दारात आली. वर्षातून एकदा घरोघरी फिरून आयांच्या केसांचे नमुने नेणाऱ्या बाईला केशताई म्हणत. मार्चअखेर जवळ आलेली, तिचे अजून चाळीस नमुने बाकी. ओवी नऊवारी नेसून, खोपा घालून, गुढीला नैवेद्य दाखवत होती. केशताईने कात्री काढली आणि कांचनताई मध्ये पडल्या.

"पाडव्याच्या दिवशी सवाष्णीच्या केसाला कात्री?"

"काकू, मला आज संध्याकाळी आकडा द्यायचाय."

"परवा ये."

"परवा मी माझ्या माहेरी. दोन केस तर घ्यायचेत."

कांचनताईंनी क्षणभर विचार केला. ओवीचे केस बाळंतपणानंतर पातळ झाले होते, म्हणून सणावाराला खोप्यात गंगावन असे. गंगावन म्हणजे घालायच्या केसांची जोडवेणी. त्यांनी खोपा जरा सैल केला, गंगावनाच्या गाठीतून एक बट ओढून काढली आणि कागदात गुंडाळून दिली. "घे. सरकारला काय कळतंय?" केशताईने डोळे मिटून सही केली. तिलाही पुरणपोळी मिळाली.

सरकारला कळलं ते असं, की गेलं वर्षभर ओवीची चिंतारेष दर शनिवारी चढते आणि सोमवारी उतरते. दर शनिवारी. एकही चुकलेला नाही. शनिवारी घरात काय येतं? रेयांशराव. आदेश आठ दिवसांत लागू होणार होता. पुढची तीन वर्षं त्यांनी महिन्यातून एकदा केंद्रात यायचं आणि काचेपलीकडून गोदाला बघायचं.

कांचनताईंना वाटलं होतं, दोघं हसतील आणि कागद फाडतील. तसं झालं नाही. विज्ञानावर विश्वास ठेवणारं शिकलेलं जोडपं ते.

"मी शनिवारी आल्यावर नेमकं काय करतो?" रेयांशने विचारलं.

"काय करणार? जेवतोस. गोदाला खांद्यावर घेऊन फिरतोस. झोपतोस."

"घोरतो?"

"घोरतोस, पण तू तर रविवारीही घोरतोस."

"एकदा आमटी खारट आहे म्हणालो होतो. जूनमध्ये."

"तेवढ्यावर कुणी..."

"तू जून बघ ना."

ओवीने कागदावर जून शोधला. जूनमध्ये रेष वर होती. ती प्रत्येक महिन्यात वर होती, पण त्या दोघांना तेवढ्यापुरता जून पुरला. त्या दिवसापासून रेयांश घरात चवड्यांवर चालू लागला. ओवी त्याच्याकडे, आपल्याला ज्याची भीती वाटते असं कळलं आहे त्याच्याकडे बघावं तशी, नीट निरखून बघू लागली. जेवताना तिच्या हातून एकदा भांडं पडलं तर तो उठून बाहेरच गेला.

म्हणून कांचनताई केंद्रात आल्या होत्या.

आतल्या खोलीत डॉ. आर्या खानोलकर बसल्या होत्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेबलावर अर्धा खाल्लेला डबा, त्यात गार झालेली थालिपीठं.

"तुमचा नंबर सव्वीस ना, काकू?"

"पंचवीसवाल्या बाई बाहेर रडत बसल्यात. त्यांनीच मला पुढे घातलं."

"बसा. मला वाटतं तुम्ही जावयांसाठी आलात. सगळ्याच येतात. सून असली की आदेश पटतो, मुलगी असली की पटत नाही."

"केस ओवीचे नव्हते," कांचनताई म्हणाल्या. "गंगावनातले होते."

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. "कोणाचं गंगावन?"

"बाजारातलं. चिपळूणहून आणलं होतं."

हे खोटं त्यांनी बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा ते चांगलं जमलं होतं.

"काकू, बाजारातलं असतं तर यंत्राने परत पाठवलं असतं. नमुना त्याच बाईचा आहे ना, हे आधी तपासलं जातं."

"मग गंगावन ओवीचं म्हणून कसं चाललं?"

"तेच तर सांगते. तुटलेल्या केसात माणसाची पूर्ण ओळख सापडत नाही. आईकडून आलेली तेवढीच सापडते. आजी, आई, मुलगी, नात, सगळ्यांची ती एकसारखीच. ओवीच्या नोंदीशी ती जुळली म्हणून यंत्राने तो नमुना ओवीचा धरला. म्हणजे केस तुमच्या घरातल्याच बाईचे. आईकडच्या नात्यातल्या."

कांचनताईंनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. विज्ञान पुढे गेलं की साधं खोटं बोलणंही किती महाग पडतं, याचा अनुभव त्यांना सदुसष्टाव्या वर्षी येत होता.

"माझे आहेत," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षांपूर्वीचे. वेणी कापली होती. ठेवून दिली होती. ओवीच्या लग्नात पार्लरवालीने तिचं गंगावन करून दिलं."

"कापली तो वार आठवतो?"

"सोमवार. सकाळी सव्वासातची एसटी गेल्यावर."

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पांढऱ्यावर निळी रेष. सपाट, मग उंचवटा, पुन्हा सपाट, पुन्हा उंचवटा, एखाद्या मुलाने पट्टी लावून काढल्यासारखी.

"पाडवाही यंदा सोमवारी होता, म्हणून यंत्राने वार बरोबर मोजले. वर्षं तेवढी चुकली," त्या सावकाश म्हणाल्या. "सव्वादोन मिलिमीटरवर एक उंचवटा. म्हणजे सात दिवसांनी एक. असे तीन वर्षांचे आहेत माझ्याकडे, कारण बट तेवढीच लांब होती. काकू, शनिवारी काय व्हायचं?"

"सर घरी यायचे."

सर म्हणजे कांचनताईंचे यजमान. शिगवण सर. लांबच्या एका निवासी शाळेचे मुख्याध्यापक. आठवडाभर तिकडे, शनिवारी संध्याकाळी घरी. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. गावातल्या चौकाला त्यांचं नाव होतं. चौकात त्यांचा अर्धपुतळा होता आणि त्याचा चष्मा दर दोन वर्षांनी चोरीला जाई. त्यांचे विद्यार्थी कलेक्टर झाले होते, आणि दर भाषणात सरांच्या आठवणी सांगत. ओवीच्या घरात दिवाणखान्यात त्यांचा फोटो होता, आणि रोज संध्याकाळी त्यापुढे दिवा लावल्याशिवाय ओवी चहा घेत नसे.

"मारायचे?"

"छे." कांचनताईंना हा प्रश्न जरा अडाणी वाटला. "ते शिक्षक होते. मला वही घालून दिली होती. आठवड्यात काय केलं, कोण आलं, कोणाशी काय बोलले, ते लिहायचं. शनिवारी आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि लाल पेन काढायचे. दहापैकी गुण."

"किती मिळायचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा म्हणजे बरं. पाचच्या खाली असलं की मग रविवारभर समजावून सांगायचे. उभं राहून ऐकायचं. लक्ष नाही असं वाटलं की वेणी धरायचे. ओढायचे नाहीत हं. नुसती धरून ठेवायचे, मान इकडेतिकडे होऊ नये म्हणून. मुलांचा कान धरतात तसं. एका सोमवारी ते गेल्यावर मी वेणी कापली. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हटलं, टायफॉइडनंतर गळत होते."

"आणि पुढच्या शनिवारी?"

"बघितलं त्यांनी. बोलले नाहीत काही. वही घेतली आणि शून्य दिलं."

बाहेर पंचवीस नंबरच्या बाईंचं रडणं थांबलं होतं. कुणीतरी त्यांना नंबर गेला असं सांगत होतं.

"जावयांचा आदेश मी थांबवते," डॉक्टर म्हणाल्या. "ओवीचा खरा नमुना घ्यावा लागेल. पडताळणीला तुमचाही एक. आणि तुमचा लेखी जबाब. केस माझे, त्या काळी घरात अशी परिस्थिती होती, एवढं."

"नुसतं केस माझे एवढं नाही चालणार?"

"रेषेचं कारण लिहिल्याशिवाय रेष रद्द होत नाही. आणि..." त्या घुटमळल्या. "जबाबाची प्रत लाभार्थीला जाते. म्हणजे ओवीला. तसा नियम आहे."

कांचनताईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नारळाचं झाड होतं, त्याला काही विशेष झालेलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी ही गोष्ट सख्ख्या बहिणीला सांगितली नव्हती. ओवीला तर कधीच नाही. मुलीला बाप म्हणून निदान फोटो तरी नीट मिळावा, एवढा एकच संसार त्यांनी आपल्या मनाने केला होता. न लिहावं, तर रेयांशराव काचेपलीकडे जाणार आणि गोदालाही बाप फोटोतच मिळणार.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. आणि पेन हातात आल्यावर, "लाल नको."

जबाब दीड पान झाला. अक्षर वळणदार होतं, सरांनीच लावलेलं.

आठ दिवसांनी चौघं केंद्रात आली. रेयांश गोदाला घेऊन बाहेर बाकावर बसला, कांचनताई आणि ओवी आत गेल्या. ओवीने जबाब वाचला होता. चार दिवस घरात त्यावर एक शब्द निघाला नव्हता, पण फोटोपुढे दिवा लागला नव्हता आणि चहा मात्र झाला होता.

"पहिली चांगली बातमी," डॉक्टर म्हणाल्या. "रेयांश कारक नाहीत. ओवी, तुमच्या केसांत साडेतीन वर्षं वाचता आली. त्यातली अडीच वर्षं रेयांश रोज घरी होते, समुद्रावरची नोकरी नंतरची. त्यांच्या येण्याजाण्याने तुमच्या रेषेत काही फरक नाही. ते घोरतात तेवढा एक बारीक उंचवटा आहे, तो कायद्यात बसत नाही."

ओवी तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. मग डॉक्टर हसत नाहीत हे तिला दिसलं.

"मग?"

डॉक्टरांनी पडदा वळवला. दोन रेषा होत्या, एकीखाली एक. वरची कांचनताईंनी ओळखली. खालची तशीच होती. उंचवटे लहान, पण जागच्या जागी. शनिवार, शनिवार, शनिवार.

"ही माझी?" ओवी म्हणाली. "पण शनिवारी काही होतच नाही. शनिवार माझा आवडता वार आहे. लहानपणी मी शनिवारी स्टँडवर जायचे. बाबांना आणायला. धावत."

"ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "ज्या मुलाच्या आईला वर्षानुवर्षं धास्ती असते, त्या मुलाचं शरीर घंटा ऐकायला शिकतं. आईचा श्वास अडला, आईने भांडी हळू ठेवली, की मुलाच्या अंगातही रसायन चढतं. काय झालंय ते मुलाला कळत नाही. कळायची गरजही नसते. मोठेपणी कारण जातं, घंटा राहते. मग बाई स्वतः आई झाली की ती मोठ्याने वाजू लागते. आमच्या यादीत, लांबलेल्या नैराश्याच्या कारणांत, हे फार वरचं कारण आहे. आईची आई."

ओवी कांचनताईंकडे वळली.

"आई, मला स्टँडवर तू पाठवायचीस?"

"नाही. आपण होऊन जायचीस."

"मला वाटायचं, बाबा आवडतात म्हणून धावते."

"आवडायचेच की तुला."

"खरं सांग."

कांचनताईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "रस्ताभर तू त्यांच्याशी बोलत यायचीस. नाचून दाखवायचीस. घरी पोचेपर्यंत ते हसत असायचे. त्या दिवशी वही लवकर मिटायची." त्या थांबल्या. "एकदा तुला ताप होता तरी गेलीस. मी अडवलं नाही."

बाहेर गोदा बापाला, नारळ झाडावर कोण ठेवतं, असं विचारत होती आणि बाप फार गांभीर्याने उत्तर देत होता.

"मग कारक बाबा," ओवी म्हणाली. "लिहा ना. बाबा म्हणून लिहा."

"मृत व्यक्तीवर आदेश बजावता येत नाही. कारकाला पत्ता लागतो." डॉक्टर पडद्याकडे बघत बोलत होत्या. "यंत्र साखळीतलं शेवटचं जिवंत माणूस धरतं. ज्याच्याकडून घंटा आली ते. तुमच्या रेषेचा पाया तीन वर्षांपूर्वी जरा उचललाय. त्याच महिन्यात काकू तुमच्याकडे राहायला आल्या."

"ती आली कारण मला बरं नव्हतं," ओवी म्हणाली. "गोदा त्याच महिन्यात झाली."

"मला माहीत आहे. यंत्राला दोन्ही माहीत आहे. त्याने एक निवडलं."

"तुम्ही बदला."

"माझ्या सहीने रेष रद्द होते, ओवी. कारक बदलत नाही. आदेश मानला नाही तर गोदा शिशुगृहात जाईल, तुमची रेष उतरेपर्यंत. तो कायदा मी केलेला नाही." मग जरा खालच्या आवाजात, "मी त्या समितीत होते. एवढंच."

"आई कुठेही जाणार नाही," ओवी म्हणाली.

तिने म्हटलं. पण म्हणण्याआधी, एका श्वासाएवढा वेळ, ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली होती, जून शोधत होती तेव्हा कागदाकडे बघितलं होतं तशी. कांचनताईंना तेवढा वेळ पुरला. सर दाराशी चपला कशा काढतात त्यावरून आठवडा ओळखायची सवय असलेली ती बाई.

"कुठे सही करायची?" त्यांनी विचारलं.

"आई."

"अगं, घर बंदच आहे तिकडे. झाडलोट तरी होईल. गोदाला काच दाखवायला घेऊन ये, तिला काचेवर नाक दाबायला आवडतं."

त्यांनी सही केली. ओवी उठून बाहेर गेली. बाकावर रेयांशने तिला जवळ घेतल्याचं काचेतून दिसलं. त्याने चवड्यांवर चालणं सोडलं होतं.

आदेशाच्या फायलीत कारकाच्या केसांचा नमुना लावावा लागतो, म्हणून मदतनीस बाई आली. तिने कांचनताईंचा अंबाडा सोडला, मानेजवळची एक बट कापली, त्यांच्याच केसांतलं रबर त्या बटेला नीट गुंडाळलं आणि पाकिटात घालून घेऊन गेली.

डॉक्टर मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"काकू, तुमचा मागच्या वेळचा नमुना मी वाचला. सांगू का? यात कुठे लिहायला जागा नाही, म्हणून तोंडीच सांगते." त्यांनी पडद्यावर तिसरी रेष आणली. "ही तुमची, गेल्या तीन वर्षांची. ओवीकडे आल्यापासूनची. सपाट आहे. शनिवारसुद्धा. मी अकरा वर्षं हे काम करते, अशी रेष मी दोनदाच बघितली. तुम्ही तिथे अगदी..." त्यांना शब्द सापडला नाही. "आता ही चढेल. आणि कायदा दहा वर्षांखालच्या मुलांच्या आयांचा आहे. तुमची कोणी वाचणार नाही."

कांचनताईंनी रेषेकडे थोडा वेळ बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी चांगला निकाल बघावा तसं.

"तुम्हाला काही म्हणायचं असेल, तक्रार, विनंती, काहीही, तर शेवटच्या पानावर चार ओळी सोडलेल्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "लिहा. मी स्वतः वर पाठवीन."

"लिहायचं काही नाही," कांचनताई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी सुटलेले केस मागे गोळा केले आणि मुठीत धरून ठेवले. "तेवढं एक रबर असलं तर द्या. फायलीचं असलं तरी चालेल. बसला गर्दी असते."